मुलगी एक वर्षासाठी ब्रिटनला शिकायला जात आहे : तयारी कोणत्या क्रमाने करावी?

केळीबागायतदार, रावेर तालुका

सर्व सभासदांना नमस्कार. माझ्या मुलीने जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानाची पदवी घेतली असून, उत्तर इंग्लंडमधील एका विद्यापीठाने तिला एक वर्षाच्या एम.एस्सी. अभ्यासक्रमासाठी प्रवेश देऊ केला आहे. काढणीनंतर फळ कसे टिकवावे हा तिच्या आवडीचा विषय आहे. आमच्या भागात केळीचा माल वाटेतच काळा पडून जो तोटा होतो तो तिने लहानपणापासून पाहिला असल्यामुळे, तिने हे शिक्षण घ्यावे अशी घरातील सर्वांचीच इच्छा आहे. अभ्यासक्रम सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होतो. आज फेब्रुवारी चालू आहे. आमच्या घरातून यापूर्वी कोणी परदेशी गेलेले नाही, त्यामुळे आधी काय आणि नंतर काय, हेच नीट उमगत नाही.

माझी मुख्य काळजी पैशांची आहे. काही रक्कम गावातील पतसंस्थेत ठेव म्हणून आहे, काही राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत आहे, आणि उरलेली रक्कम यंदाच्या मृगबागेची कापणी मे-जूनमध्ये झाल्यावर हाती येईल. शेती बारा एकर आहे, थोडे सोनेही आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी एका सल्लागाराकडे गेलो असता, "पैसे ऑगस्टमध्ये दाखवू, तोपर्यंत घाई नको," असे त्याने सांगितले. पण मन मानत नाही. मुलीचा पासपोर्ट अद्याप काढलेला नाही. तिच्या आईला थंडीची, आजारपणाची आणि जेवणाची चिंता आहे. ज्यांनी हे सर्व केले आहे त्यांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

निवृत्त बँक अधिकारी, भुसावळ

भाऊ, सर्वप्रथम आपल्या मुलीचे अभिनंदन. माझी बरीच वर्षे कर्ज विभागात गेली आणि परदेशी जाणाऱ्या मुलांची अनेक प्रकरणे हातांखालून गेली, म्हणून पैशांच्या बाबतीत थोडे विस्ताराने लिहितो. ऑगस्टपर्यंत थांबण्याचा सल्ला आपण कृपया मानू नका.

ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी दोन रकमा मिळून दाखवाव्या लागतात. पहिली म्हणजे पहिल्या वर्षाच्या शुल्कातील भरायची राहिलेली रक्कम, आणि दुसरी म्हणजे राहण्याखाण्याचा खर्च. हा दुसरा खर्च जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा धरतात. ११ नोव्हेंबर २०२५ पासून लंडनमध्ये शिकणाऱ्यांसाठी तो महिन्याला १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड असा ठरलेला आहे. आपली मुलगी लंडनबाहेर जाणार असल्याने नऊ महिन्यांचे १०,५३९ पौंड होतात. अर्ज करण्यापूर्वी सरकारी संकेतस्थळावर हे आकडे पुन्हा पाहावेत, कारण ते अधूनमधून वाढवले जातात. रुपयांतील रकमेचे पौंड करताना अर्जाच्या दिवशीचा ओअँडा या संकेतस्थळावरील दर धरला जातो, म्हणून आकडा अगदी काठावर न ठेवता दर वरखाली झाला तरी पुरेल इतकी रक्कम खात्यात असावी.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ही पूर्ण रक्कम खात्यात सलग २८ दिवस राहिली पाहिजे. मधल्या एकाही दिवशी शिल्लक त्याखाली गेली तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. ज्या दिवसापर्यंतचा खातेउतारा आपण जोडणार, तो दिवस अर्जाच्या तारखेपूर्वी ३१ दिवसांच्या आत असावा लागतो. याशिवाय अनेक विद्यापीठे कॅस, म्हणजे व्हिसासाठी लागणारे प्रवेशनिश्चितीचे पत्र, देण्यापूर्वीच हे २८ दिवसांचे उतारे मागून घेतात, आणि कॅस देण्याची त्यांची अंतिम मुदत बऱ्याचदा ऑगस्टमध्येच असते. ऑगस्टमध्ये पैसे जमा करायचे म्हटले तर २८ दिवस भरता भरता सप्टेंबर उजाडेल आणि त्यापुढे व्हिसाच्या निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतील. एवढा वेळ तेव्हा हातात उरत नाही.

पैसे कोठे आहेत, यालाही तितकेच महत्त्व आहे. ज्या संस्थेत रक्कम आहे ती त्या देशातील योग्य नियामकाच्या देखरेखीखाली असावी, तिचे व्यवहार संगणकावर नोंदलेले असावेत आणि व्हिसा अधिकाऱ्याला तेथे पडताळणी करता यावी, अशी अट आहे. आपल्याकडच्या पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात. रिझर्व्ह बँकेचे त्यांच्यावर नियंत्रण नसते. त्यामुळे पतसंस्थेची ठेवपावती या कामासाठी धरू नये. ती ठेव मोडायची असेल तर आत्ताच अर्ज द्यावा आणि रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेतील बचत खात्यात आणावी. आपल्या भागात पतसंस्थेतून मोठी रक्कम काढताना किती फेऱ्या माराव्या लागतात हे मी वेगळे सांगायला नको. राष्ट्रीयीकृत बँकेतील मुदत ठेव चालू शकते, मात्र ती हवी तेव्हा मोडता येते असे बँकेकडून लेखी घ्यावे. माझे मत विचाराल तर एप्रिलमध्येच ती मोडून बचत खात्यात टाकावी, म्हणजे प्रश्नच उरत नाही. शेतजमीन, घर, सोने, शेअर किंवा भविष्यनिर्वाह निधी यांची किंमत कितीही असली तरी ती या हिशेबात धरत नाहीत. बारा एकर बागायत असलेल्या माणसाला हे ऐकून वाईट वाटते, पण नियम तसाच आहे.

मृगबागेच्या पैशांबद्दल मनापासून सांगतो. व्हिसासाठी दाखवायची रक्कम त्या कापणीवर अवलंबून ठेवू नका. मे-जूनमधल्या एका वादळात उभी बाग आडवी झालेली रावेर-यावलच्या कोणत्या गावाने पाहिलेली नाही? भाव पडला, गाडी मिळाली नाही, व्यापाऱ्याने हिशेब पुढे ढकलला, तर मुलीचे वर्ष त्यात अडकायला नको. बागेचे पैसे आले की ते दुसऱ्या सहामाहीच्या शुल्काला आणि घरभाड्याला ठेवावेत.

मग आत्ता काय करायचे, तर शैक्षणिक कर्जाचा अर्ज. केंद्र सरकारच्या विद्यालक्ष्मी संकेतस्थळावरून तो करता येतो. मान्यताप्राप्त बँकेचे कर्जमंजुरीचे पत्र असेल तर त्या रकमेला २८ दिवसांची अट लागत नाही. मात्र कर्ज विद्यार्थिनीच्या नावे असावे आणि पत्र अर्जाच्या तारखेपूर्वी सहा महिन्यांच्या आतील असावे. मोठ्या कर्जाला बँक तारण मागते आणि बहुतेक बँका शेतजमीन तारण घेत नाहीत. बिगरशेती भूखंड, शहरातील घर, मुदत ठेव किंवा विमा पॉलिसी चालते. गावठाणातील घर द्यायचे असेल तर त्याची मिळकत पत्रिका आहे का ते आधी पाहावे. वकिलाचा शोध अहवाल आणि मूल्यांकन यांत सहज महिना-दीड महिना जातो, म्हणून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, मंजुरीचे पत्र हातात पडावे या बेताने आजच शाखेत जावे. शाखाधिकारी उत्पन्नाचा पुरावा मागतील. गेल्या दोन-तीन वर्षांच्या केळीविक्रीच्या पट्ट्या, सातबारा आणि आठ-अ एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावून न्यावेत. असे नीट लावलेले कागद पाहिले की अधिकाऱ्याचाही विश्वास बसतो.

कर्जाचे हप्ते शिक्षण संपल्यानंतर ठरावीक काळाने सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असते. जमेल तसे ते दरमहा भरत गेलात तर पुढचा भार पुष्कळ हलका होतो.

या चर्चेचे इतर वाचकही असतील, त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, आणि आदिवासी विकास विभागाचीही परदेशी शिक्षणासाठी स्वतंत्र योजना आहे. नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांतील मुलांनी त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे.

विद्यार्थिनी, मूळ गाव शिरपूर, सध्या लीड्स

आदरणीय काका, नमस्कार. पैशांबद्दल वरील काकांनी जे लिहिले आहे त्यातील शब्द न् शब्द खरा आहे. मी राहण्याबद्दल आणि अभ्यासाबद्दल लिहिते, कारण ताईला पहिल्या दोन महिन्यांत त्याचीच जास्त गरज पडेल.

घराचे काम व्हिसापर्यंत थांबवू नये. विद्यापीठाच्या वसतिगृहांचे अर्ज बहुधा वसंत ऋतूतच सुरू होतात आणि स्वस्त खोल्या आधी संपतात. पहिल्या वर्षी विद्यापीठाचे वसतिगृहच घ्यावे असा माझा आग्रह आहे. खासगी घरमालक ब्रिटनमध्ये राहणारा हमीदार मागतात आणि आपल्या घरातून पहिल्यांदाच जाणाऱ्या मुलीने तो कोठून आणावा? खासगी खोली घ्यावीच लागली तर ती प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय किंवा विद्यापीठाच्या गृहनिवास विभागाकडून चौकशी केल्याशिवाय एक पौंडही पाठवू नये. इंग्लंडमध्ये अनामत रक्कम साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही आणि ती सरकारमान्य अनामत संरक्षण योजनेत ठेवावी लागते, हे ताईला माहीत असावे. पूर्णवेळ विद्यार्थ्यांना येथील घरपट्टी, म्हणजे कौन्सिल टॅक्स, माफ असते. पण सर्व रहिवासी विद्यार्थी असतील तरच पूर्ण माफी मिळते.

सामानाविषयी काकूंना मुद्दाम सांगते. भारतातून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. म्हणजे घरचे तूप, पेढे, खव्याची मिठाई हे सर्व घरीच ठेवावे लागेल. ताजी फळे आणि भाज्याही नेऊ नयेत. मसाले, डाळी, पापड, बिबडे आणि केळीचे वेफर मात्र पॅकबंद करून नेता येतात. आपला काळा मसाला दोन पिशव्यांत भरून त्यावर डबा, डब्याला चिकटपट्टी आणि मग कपड्यांपासून दूर असा ठेवावा. त्याचा वास सुटला तर स्वेटरमधून महिनाभर जात नाही. ज्वारीचे पीठ, उडदाची डाळ, शेंगदाणे हे लीड्स, ब्रॅडफर्ड, लेस्टर, बर्मिंगहॅम अशा शहरांत भारतीय किंवा पाकिस्तानी दुकानांत मिळते, त्यामुळे त्यासाठी बॅगेतील किलो खर्च करू नयेत. तीन लिटरचा कुकर, एक जास्तीची शिट्टी आणि रबर, पोळपाट नको पण लहान लाटणे, आणि भाकरीसाठी सपाट तवा एवढे पुरते. वसतिगृहातील शेगडी बहुधा विजेची असते. तेथे इंडक्शन असेल तर साधे ॲल्युमिनियमचे भांडे तापत नाही, म्हणून कुकर खालून इंडक्शनला चालणारा घ्यावा. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे, पण सॉकेटला तीन चौकोनी पायांची पिन लागते. दोन-तीन अडॅप्टर भारतातूनच न्यावेत.

थंडीचे कपडे जळगाव-धुळ्यातून भरमसाट घेऊ नयेत. आपल्याकडे मिळणारे जाड स्वेटर कोरड्या थंडीसाठी असतात. येथील थंडी ओली आणि वाऱ्याची असते. आतून घालायचे गरम कपडे दोन जोड न्यावेत आणि पाऊस न झिरपणारा चांगला कोट येथे येऊनच घ्यावा. सप्टेंबरच्या अखेरीस हवा सोसण्यासारखी असते, तेवढा वेळ मिळतो. मला थंडीपेक्षा अंधार जड गेला. डिसेंबरमध्ये येथे पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हात वाढलेल्या आपल्या मुलींना त्याची कल्पनाच नसते. दुपारच्या जेवणानंतर रोज अर्धा तास उजेडात चालणे, आणि संध्याकाळी खोलीत एकटे न बसता ग्रंथालयात किंवा सामाईक स्वयंपाकघरात असणे, याने फार फरक पडतो. घरी फोन करण्याची वेळही ठरवून ठेवावी. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत भारत साडेचार तास पुढे असतो आणि त्यानंतर मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेपाच तास.

अभ्यासाचे स्वरूप वेगळे आहे आणि या बाबतीत तयारी कोणी करून घेत नाही, म्हणून ती आत्तापासून करावी. ब्रिटनमधील एम.एस्सी. १८० श्रेयांकांची असते; सप्टेंबर ते मे वर्ग आणि परीक्षा, आणि पूर्ण उन्हाळा प्रबंधासाठी. मधली मोठी सुट्टी अशी नसतेच. विद्यार्थी व्हिसावर सत्रकाळात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते, पण पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी प्रबंधाचा उन्हाळाही सत्रकाळच धरला जातो. तेव्हा पूर्णवेळ काम करून कर्ज फेडू, असा हिशेब घरी मांडू नये. अर्धवेळ कामातून किराणा आणि बसभाडे निघते, शुल्क निघत नाही. दुसऱ्याचे एक वाक्यही संदर्भ न देता निबंधात उतरवले तर ती चोरी समजली जाते, आणि संगणकावर ती पकडली जाते. आपल्याकडे गाइडमधील उत्तर पाठ करून लिहिण्याची सवय लागलेली असते. ताईने उन्हाळ्यात तिच्या विषयातील इंग्रजी शोधनिबंध रोज एक वाचून त्याचा सारांश स्वतःच्या शब्दांत लिहावा, संदर्भ कसे द्यायचे ते शिकावे. केळी पिकण्याच्या क्रियेत इथिलीन वायूचा वाटा, साठवणीचे तापमान १३ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की साल का काळवंडते, हे विषय तर तिच्या घरचेच आहेत. त्यांवरील निबंधांपासून सुरुवात केली तर वाचन जड जाणार नाही. कॅस देण्यापूर्वी विद्यापीठ अनेकदा दूरदृश्य मुलाखत घेते. हाच विषय का, हेच विद्यापीठ का, खर्च कोण करणार, अभ्यासक्रमात कोणते विषय आहेत, हे तिला तिच्या शब्दांत सांगता यावे. सल्लागाराने लिहून दिलेली उत्तरे पाठ करू नयेत. ऐकणाऱ्याला ते लगेच कळते.

येथील बँकखाते उघडायला काही आठवडे लागतात, त्यामुळे पहिल्या महिन्याचा खर्च भागेल इतके पैसे परकीय चलनाच्या कार्डावर असावेत. भारतातील मोबाइल क्रमांक बंद पडू देऊ नये, कारण बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. निघण्यापूर्वी त्यावर परदेशी रोमिंग सुरू करून घ्यावे आणि रिचार्जची तारीख घरच्यांनी लक्षात ठेवावी.

डॉक्टर, नंदुरबार

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत. आरोग्याची बाजू मी पुरी करतो. भारतातून सहा महिन्यांहून अधिक काळासाठी ब्रिटनला जाणाऱ्यांना क्षयरोग तपासणीचे प्रमाणपत्र लागते. ही तपासणी आपल्या गावच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयात केलेली चालत नाही; ब्रिटन सरकारने नेमलेल्या केंद्रातच ती करावी लागते, आणि आपल्यासाठी मुंबईचे केंद्र सोयीचे. मूळ पासपोर्ट सोबत लागतो. प्रमाणपत्र सहा महिने चालते. छातीच्या एक्स-रेमध्ये काही शंका आली तर थुंकीची तपासणी करतात आणि त्या कल्चरचा, म्हणजे थुंकीतील जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा, निकाल यायला सुमारे दोन महिने लागतात, म्हणून तपासणी मे अखेरपर्यंत उरकून घ्यावी. पूर्वी कधी क्षयरोगाचे उपचार झाले असतील तर ती माहिती लपवू नये. उपचार पूर्ण केल्याचे कागद सोबत न्यावेत.

व्हिसाच्या अर्जासोबत आरोग्य अधिभार भरावा लागतो. विद्यार्थ्यांसाठी तो वर्षाला ७७६ पौंड आहे. एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला व्हिसा काही महिने जास्त मिळत असल्याने बहुधा दीड वर्षाचे १,१६४ पौंड भरावे लागतात. हा खर्च कर्जाच्या अंदाजपत्रकात धरलेला आहे का ते पाहावे, कारण अनेकांच्या तो ऐनवेळी लक्षात येतो. त्या बदल्यात तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेत उपचार मिळतात, पण दात आणि चष्मा यांचा खर्च बराचसा स्वतःलाच करावा लागतो. म्हणून दातांची सर्व कामे येथेच पूर्ण करावीत, डोळे तपासून चष्म्याचे दोन जोड करावेत आणि नंबरचा कागद जवळ ठेवावा. पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात राहत्या भागातील डॉक्टरकडे, ज्याला तेथे जीपी म्हणतात, नाव नोंदवावे; आजारी पडल्यावर नोंदणी करायला जाऊ नये. तातडीच्या प्रसंगी ९९९ आणि सल्ल्यासाठी १११ हे क्रमांक आहेत.

गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचे दोन डोस झाल्याची नोंद शोधून ठेवावी, नसेल तर येथे घ्यावेत. मेंदूज्वरावरील मेनएसीडब्ल्यूवाय ही लस घेण्याचा सल्ला तेथे पंचवीस वर्षांखालील नव्या विद्यार्थ्यांना दिला जातो. नेहमीची औषधे असतील तर ती मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्यावीत. कोडीन असलेले खोकल्याचे औषध सहज म्हणून बॅगेत टाकू नये.

सातपुड्याच्या पट्ट्यातील मुलांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. नंदुरबार, धुळे आणि जळगावच्या चोपडा-यावल भागात, विशेषतः आदिवासी समाजात, सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक बरेच आढळतात. तपासणी झालेली नसेल तर जाण्यापूर्वी करून घ्यावी आणि अहवालाची प्रत सोबत ठेवावी. सिकलसेलच्या रुग्णाला कडक थंडी आणि शरीरातील पाणी कमी होणे हे दोन्ही त्रासदायक ठरते. तेथील डॉक्टरांना हा आजार चांगला परिचित आहे, पण त्यांना तो सांगितला पाहिजे.

केळीबागायतदार, रावेर तालुका

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले याबद्दल मनापासून आभारी आहे. पतसंस्थेत उद्याच अर्ज देतो. आता दोन शंका राहतात. मुलीच्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग तिचे नाव, मग माझे नाव असे आहे. आधार कार्डावर तिचे नाव आधी आहे आणि माझ्या नावाचे इंग्रजी स्पेलिंगही वेगळे आहे. पासपोर्टवर काय लिहावे? दुसरे असे की, रक्कम माझ्या खात्यात ठेवावी की तिच्या?

महाविद्यालयीन कर्मचारी, अमळनेर

दादा, परीक्षा विभागात काम करताना हा प्रश्न आमच्यासमोर रोज येतो. नावांचा क्रम वेगळा असणे ही अडचण नाही, कारण पासपोर्टवर आडनाव आणि दिलेले नाव असे दोन स्वतंत्र रकाने असतात. दुसऱ्या रकान्यात मुलीचे नाव आणि त्यापुढे वडिलांचे नाव लिहिण्याची आपल्याकडे पद्धत आहे. स्पेलिंगमधील फरक मात्र आत्ताच मिटवावा. दहावीच्या प्रमाणपत्रावरील स्पेलिंग प्रमाण मानून आधी आधार दुरुस्त करावे आणि मगच जळगावच्या टपाल कार्यालयातील पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घ्यावी. पोलीस पडताळणी आपल्या तालुक्याच्या ठाण्यातून होईल. त्या दिवसांत मुलगी घरी असावी. पासपोर्ट आल्याबरोबर त्याची प्रत विद्यापीठाला पाठवून, कॅसवर त्यातलेच नाव अक्षर न् अक्षर येईल याची खात्री करावी. ब्रिटनमध्ये आता प्लॅस्टिकचे निवासकार्ड मिळत नाही, ई-व्हिसा पासपोर्टशी जोडलेल्या ऑनलाइन खात्यात असतो. घरमालक आणि काम देणारे त्याच खात्यातून मिळणारा सांकेतिक क्रमांक मागतात. त्यामुळे नावातली चूक वर्षभर सोबत राहते.

जन्मदाखलाही आजच कपाटातून काढून पाहावा. ग्रामपंचायतीच्या जुन्या नोंदींत अनेकदा बाळाचे नावच नसते, नुसते "मुलगी" आणि आईवडिलांची नावे असतात. असे असेल तर ग्रामसेवकाकडे दुरुस्तीचा अर्ज द्यावा लागेल आणि त्याला वेळ लागेल. दाखला केवळ मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे. विद्यापीठाकडून गुणांचे ट्रान्सक्रिप्ट बंद लिफाफ्यात घ्यायचे असल्यास तो अर्जही आत्ताच करावा. उन्हाळी परीक्षांच्या निकालाच्या दिवसांत खिडकीवर गर्दी असते.

निवृत्त बँक अधिकारी, भुसावळ

भाऊ, खात्याविषयीचे उत्तर. आई किंवा वडील यांच्या नावावरील पैसे चालतात, पण मग मुलीचा जन्मदाखला आणि "हे पैसे मुलीच्या शिक्षणासाठी वापरण्यास माझी संमती आहे" असे आपल्या सहीचे इंग्रजी पत्र जोडावे लागते. काका, मामा, मोठा भाऊ यांच्या खात्यातील पैसे धरले जात नाहीत, मग नाते कितीही जवळचे असो. जन्मदाखल्यात गुंता निघाला तर रक्कम सरळ मुलीच्या बचत खात्यात वळवावी आणि २८ दिवस तेथे राहू द्यावी. रक्कम मोठी असल्याने पट्ट्या आणि ठेव मोडल्याचे कागद जपून ठेवावेत, कोणी विचारले तर दाखवता येतील.

शुल्क परदेशी पाठवताना बँक ए-२ हा अर्ज भरून घेते आणि पॅन लागतो. १ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो कर, कापला जात नाही, आणि मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तो मुळीच लागत नाही. स्वतःच्या पैशांतून १० लाखांहून अधिक पाठवले तर वरच्या रकमेवर जो कर कापला जाईल तो पाठवणाऱ्याच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरून परत मिळवता येतो. आपले उत्पन्न शेतीचे असल्याने आपण विवरणपत्र भरत नसाल, तर त्या वर्षी ते भरावे लागेल. हे टाळायचे असेल तर शुल्क शक्यतो कर्जातून जावे आणि राहण्याचा खर्च आपल्या खात्यातून, म्हणजे १० लाखांच्या आत भागेल. मुलीचा पॅन काढलेला नसेल तर तो पासपोर्टच्या अर्जासोबतच करून घ्या, आणि कर्जासाठी शाखेत जाताना दोघांचेही पॅन व आधार सोबत न्या. अर्जावर सहअर्जदार म्हणून आपली सही लागेल.